कृतिसंशोधन, शालेय

शाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिक्षकाने, मुख्याध्यापकाने किंवा पर्यवेक्षकाने आपल्याच कामात जाणवणाऱ्या अडचणीचा पद्धतशीर शोध घेऊन, तीवर योजलेला उपाय स्वतः अंमलात आणून आणि त्याचा परिणाम पुराव्यानिशी तपासून आपल्या व्यवसायात सुधारणा घडवून आणण्याची पद्धती. या पद्धतीत संशोधक आणि संशोधनाच्या निष्कर्षाचा उपयोग करणारा हे दोघे एकच असतात, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य होय.

मूलभूत संशोधनाचा उद्देश सर्वत्र लागू पडेल असा सिद्धांत प्रस्थापित करणे हा असतो. त्यासाठी मोठा व प्रातिनिधिक नमुना घ्यावा लागतो आणि संशोधक अभ्यासविषयापासून अलिप्त राहतो. कृतिसंशोधनाचा उद्देश त्या मानाने मर्यादित असतो. ठराविक शाळेतील, ठराविक वर्गातील ठराविक अडचण दूर झाली किंवा नाही, एवढेच त्यात पाहावयाचे असते. त्यामुळे त्याचे निष्कर्ष दुसऱ्या शाळेस जसेच्या तसे लागू पडतील, असा दावा करता येत नाही. नवोपक्रमाहूनही ते वेगळे आहे. नवोपक्रमाचा आरंभ एखाद्या नव्या कल्पनेपासून होतो, तर कृतिसंशोधनाचा आरंभ अडचणीपासून होतो. उपक्रम चांगला वाटला, एवढ्यावर कृतिसंशोधक थांबू शकत नाही; तो कोणत्या मुलांना, कितपत व का उपयोगी पडला, हे त्याला दाखवावे लागते.

ऐतिहासिक विकास : शिक्षणशास्त्राचे प्रश्न प्रत्यक्ष अध्यापनातूनच निर्माण होतात व त्यांची उत्तरेही अखेर तेथेच पारखली जातात, हा विचार अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई (१८५९–१९५२) यांनी १९२९ मध्ये मांडला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या प्रशासनाचे १९३३ ते १९४५ या काळातील आयुक्त जॉन कॉलियर यांनी संशोधक, प्रशासक आणि सामान्य लोक यांनी मिळून करावयाच्या संशोधनाचा पुरस्कार केला. तथापि कृतिसंशोधनाचे जनकत्व सामान्यतः कुर्ट ल्यूइन (१८९०–१९४७) या जर्मन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे दिले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गृहिणींच्या आहारविषयक सवयी बदलण्यासंबंधी त्यांनी प्रयोग केले. मांसाचे एरवी टाकून दिले जाणारे भाग स्वयंपाकात वापरावेत, असे काही गटांना व्याख्यानाद्वारे सांगण्यात आले, तर इतर गटांत स्त्रियांनी आपसांत चर्चा करून स्वतः निर्णय घेतला. पुढे व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी सु. ३ टक्के, तर चर्चा करणाऱ्यांपैकी सु. ३२ टक्के स्त्रियांनी ते पदार्थ घरी केल्याचे आढळले. बदल ज्यांनी करावयाचा, त्यांचा शोधात व निर्णयात सहभाग असल्यास तो अधिक प्रमाणात होतो, हे यावरून दिसून आले. १९४६ मध्ये ल्यूइन यांनी नियोजन, कृती व कृतीच्या परिणामांची तपासणी या टप्प्यांचे चक्र मांडले. एका चक्राचा शेवट हा दुसऱ्याचा आरंभ असतो, म्हणून या रचनेस सर्पिल म्हटले जाते.

शालेय क्षेत्रात ही पद्धती रुजविण्याचे श्रेय कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील स्टीव्हन कोरी यांना दिले जाते. शालेय व्यवहार सुधारण्यासाठी कृतिसंशोधनाचा उपयोग कसा करावा, हे विशद करणारा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काही वर्षांत या पद्धतीवर शास्त्रीय काटेकोरपणाच्या अभावाबद्दल टीका झाली व अमेरिकेत ती काहीशी मागे पडली. इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस (१९२६–८२) यांनी ‘संशोधक शिक्षक’ ही कल्पना मांडून तिचे पुनरुज्जीवन केले. अभ्यासक्रम हा बाहेरून आलेला हुकूम नसून शिक्षकाने वर्गात पारखून घ्यावयाचा प्रस्ताव असतो, असे त्यांच्या १९७५ मधील ग्रंथाचे प्रतिपादन आहे. ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठात स्टीव्हन केमिस व रॉबिन मॅक्टॅगर्ट यांनी नियोजन, कृती, निरीक्षण व चिंतन अशी चार टप्प्यांची रूपरेषा तयार केली. आज ती बहुतेक देशांत प्रचलित आहे.

भारतात मुदलियार आयोगाच्या (१९५२–५३) शिफारशींनंतर १९५५ मध्ये अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषद स्थापन झाली आणि निवडक प्रशिक्षण महाविद्यालयांत विस्तार सेवा विभाग सुरू झाले. या विभागांच्या चर्चासत्रांतून व कार्यशाळांतून माध्यमिक शिक्षकांना कृतिसंशोधनाचा परिचय झाला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने हे कार्य पुढे चालविले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पुढील वर्षापासून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभारण्याची योजना हाती घेण्यात आली. जिल्ह्याच्या गरजांवर आधारलेले संशोधन करणे व शिक्षकांना कृतिसंशोधनासाठी मार्गदर्शन करणे, ही कामे या संस्थांकडे सोपविण्यात आली.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : कृतिसंशोधन ही संज्ञा प्रचारात येण्यापूर्वीच महाराष्ट्रात त्या वृत्तीने काम झाल्याचे आढळते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून येताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली, आणि ‘अंगणवाडी’ ही संकल्पना त्यातून साकार झाली. पुढे कोसबाड येथे आदिवासी मुले गुरे राखण्यासाठी व धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळेबाहेर राहतात, हे लक्षात आल्यावर गुराखी मुलांसाठी कुरणशाळा काढण्यात आली. तसेच पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र सांगड घालण्यात आली. अडचणीचे निरीक्षण, तिच्या कारणाचा शोध, उपाय व पुन्हा निरीक्षण हा क्रम या कार्यात स्पष्ट दिसतो.

कृतिसंशोधन या नावानेच झालेला मोठा प्रयत्न म्हणजे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा प्रकल्प होय. शिक्षणतज्ञ जे. पी. नाईक (१९०७–८१) यांनी १९४८ मध्ये मुंबईत स्थापिलेली ही संस्था १९७६ मध्ये पुण्यास हलविण्यात आली. चित्रा नाईक (१९१८–२०१०) यांच्या नेतृत्वाखाली १९७९ ते १९८५ या काळात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणासंबंधी हा प्रकल्प राबविण्यात आला. शाळेबाहेर राहिलेल्या ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी, त्यांना सोयीच्या वेळी, बहुधा रात्री, गावातीलच व्यक्तीच्या साह्याने अनौपचारिक वर्ग चालविण्यात आले. त्यांत मुलींचे प्रमाण मोठे होते. मुलांना शाळेच्या वेळेत बसविण्याऐवजी शाळेची वेळ मुलांच्या जीवनक्रमाशी जुळविणे, हे या प्रयोगाचे सूत्र होते.

यवतमाळ जिल्ह्यातील शाळा व त्यांचे प्रश्न : विदर्भाच्या अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १८·५ टक्के होते. गोंड, कोलाम, परधान व आंध या येथील प्रमुख जमाती होत. कोलाम जमातीचा समावेश केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. कोलामांच्या वस्तीस ‘पोड’ म्हणतात. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी इ. तालुक्यांत असे पोड विखुरलेले आहेत, तर पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत बंजाऱ्यांचे तांडे मोठ्या संख्येने आढळतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यापासून ग्रामीण भागातील बहुतांश प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत. लहान वस्त्यांवरील शाळा प्रायः द्विशिक्षकी असून एका शिक्षकास एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात.

या परिस्थितीतून दोन प्रश्न विशेषत्वाने पुढे येतात. पहिला प्रश्न भाषेचा आहे. कोलामी व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा असून मराठी इंडो-आर्यन कुळातील आहे. बंजाऱ्यांची गोरबोली इंडो-आर्यन असली, तरी राजस्थानी बोलींना जवळची आहे. पहिलीत येणाऱ्या पोडावरील मुलाच्या दृष्टीने मराठी ही बहुतांशी परकी भाषा असते. द्राविडी भाषांत अल्पप्राण व महाप्राण वर्णांचा भेद मूळचा नाही. म्हणून ‘खत’ व ‘कत’ किंवा ‘घार’ व ‘गार’ यांतील फरक अशा मुलाच्या कानास सहज जाणवत नाही. तसेच कोलामी व गोंडीत पुरुषवाचक व इतर असे दोनच लिंगभेद आहेत. त्यामुळे मराठीतील स्त्रीलिंग व नपुंसकलिंग यांची विशेषणांवर होणारी रूपे चुकणे स्वाभाविक असते. या चुका निष्काळजीपणाच्या नसून मातृभाषेच्या नियमांतून आलेल्या असतात. शिक्षकास हे माहीत नसल्यास तो मुलास मंद ठरवितो व मूल शाळेस दुरावते. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी मिळाव्यात, अशी तरतूद १९५६ मध्ये संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदाद्वारे झाली. मात्र तिची परिणामकारकता अखेर वर्गातील व्यवहारावर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न उपस्थितीचा आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक असून त्याची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे काही महिने चालते. शाळेतील अध्ययनास गती येण्याच्या वेळीच मोठी मुले वेचणीस जातात किंवा आईवडील शेतात असल्यामुळे धाकट्या भावंडांसाठी घरी राहतात. त्यात मुलींची संख्या अधिक असते.

कार्यपद्धती : कृतिसंशोधनाचे सामान्यतः सहा टप्पे मानले जातात : (१) समस्येची निश्चिती, (२) तिचे सीमांकन, (३) संभाव्य कारणांचा शोध, (४) कृतिपरिकल्पना, (५) कृतिकार्यक्रमाची अंमलबजावणी व नोंदी आणि (६) मूल्यमापन व पुढील चक्राचे नियोजन.

समस्या निवडताना ती शिक्षकाच्या आवाक्यातील असावी लागते. ‘पालकांचे दारिद्र्य’ ही वस्तुस्थिती असली, तरी कृतिसंशोधनाची समस्या होऊ शकत नाही. ‘वेचणीच्या काळात बुडालेला पाठ मुलास भरून काढता येत नाही’ ही होऊ शकते. सीमांकनात इयत्ता, विषय, घटक व कालावधी निश्चित केला जातो. कारणांचा शोध अंदाजाने न घेता नोंदींवरून घ्यावा लागतो. उदा., दोन वर्गांची सरासरी उपस्थिती ७५ टक्के असली, तरी त्यांची स्थिती सारखीच असेल असे नाही. एका वर्गात चौथा हिस्सा मुले मुळीच येत नसतील, तर दुसऱ्यात प्रत्येक मूल चार दिवसांतून एक दिवस गैरहजर राहत असेल. पहिल्या वर्गासाठी मुलांच्या घरी जाणे आवश्यक ठरते. दुसऱ्यासाठी अनुपस्थितीचा वार पाहावा लागतो. तो आठवडी बाजाराचा असल्यास त्या दिवशी नवा पाठ न घेता उजळणी घेणे, हा सोपा उपाय असतो. हजेरीपट प्रत्येक शाळेत असतो. त्याचे असे वाचन हाच कृतिसंशोधनाचा आरंभ होय.

कृतिपरिकल्पना म्हणजे ‘अमुक कृती केली असता अमुक परिणाम होईल’ असे तपासता येण्याजोगे विधान. ‘मुलांकडे लक्ष दिल्यास प्रगती होईल’ हे विधान तपासता येत नाही, कारण त्यात कृतीही निश्चित नाही आणि परिणामही निश्चित नाही. परिणाम तपासण्यासाठी कृतीपूर्व व कृतीनंतरची चाचणी, शिक्षकाची दैनंदिनी, मुलांच्या वह्या, मुलाखती आणि सहकाऱ्याचे वर्गनिरीक्षण ही साधने वापरतात. एकाच साधनावर विसंबणे धोक्याचे असल्याने किमान दोनतीन साधनांच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात.

एक नमुना : ही पद्धती स्पष्ट होण्यासाठी पोडावरील द्विशिक्षकी शाळेतील तिसरीच्या वर्गाचे कल्पित उदाहरण घेता येईल. वर्गात १४ मुले असून त्यांना मराठी वाचन येत नाही, अशी शिक्षकाची तक्रार आहे. तो दोन आठवडे प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकून नोंदी करतो. त्यावरून मुलांचे तीन गट दिसतात : काहींना अक्षरओळखच पक्की नाही, काही मजकूर मोठ्याने नीट वाचतात, पण त्यावरील प्रश्नांना उत्तरे देत नाहीत, काही वाचतात व उत्तरेही देतात. दुसऱ्या गटातील सर्व मुलांची घरची भाषा कोलामी असल्याचे आढळते. ‘वाचन येत नाही’ या एका वाक्यात दोन भिन्न अडचणी दडलेल्या होत्या, हे येथे स्पष्ट होते. पहिल्या गटासाठी अक्षरांचा सराव हवा. दुसऱ्या गटास तोच सराव देणे निरर्थक आहे.

दुसऱ्या गटासाठी शिक्षक अशी परिकल्पना करतो : पाठ वाचण्यापूर्वी त्यातील प्रसंगाविषयी मुलांना कोलामीत बोलू दिले, महत्त्वाच्या शब्दांचा चित्रांसह कोलामी-मराठी तक्ता वर्गात लावला आणि मगच वाचन घेतले, तर आठ आठवड्यांत मजकुराचे आकलन वाढेल. शिक्षकास कोलामी येत नसल्यास वरच्या इयत्तेतील विद्यार्थी किंवा पोडावरील एखादी माता यांचे साह्य तो घेतो. दर आठवड्यास अपरिचित छोटा उतारा व त्यावर पाच प्रश्न अशी चाचणी होते, आणि उत्तर कोणत्याही भाषेत देण्याची मुभा असते. कोलामीत दिलेल्या उत्तराचा अर्थ साह्यकर्त्याकडून समजून घेतला जातो.

यात एक महत्त्वाची शक्यता असते. मुभा देताच पहिल्याच चाचणीत काही मुले बरोबर उत्तरे देऊ लागली, तर त्यांना मजकूर पूर्वीही समजत होता आणि जुनी चाचणी वाचनाचे आकलन न मोजता मराठीतील बोलण्याचे धैर्य मोजत होती, असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी दोष मुलांच्या वाचनाचा नसून मापनाचा होता, हे शिक्षकाला स्वीकारावे लागते. अडचणीची मूळ मांडणीच बदलणे हे कृतिसंशोधनाचे अपयश नसून त्याचे सर्वांत मोलाचे फलित असते. पुढील चक्रात मग मराठीतून बोलण्याची संधी वाढविण्याचा विचार करता येतो. चौदा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सु. ७ टक्के; म्हणून येथे टक्केवारीपेक्षा प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद अधिक विश्वसनीय ठरते.

मर्यादा व आक्षेप : शिक्षक स्वतःच्याच कामाचा परीक्षक असल्यामुळे अनुकूल तेवढेच पाहण्याचा मोह त्याला होऊ शकतो. सहकाऱ्याचे निरीक्षण व मूळ नोंदींचे जतन हे त्यावरील उपाय होत. मुले वयानुसारही प्रगती करीत असतात. तेव्हा कृतीनंतर दिसलेली सर्व वाढ कृतीमुळेच झाली, असे म्हणता येत नाही. तुलनेसाठी काही मुलांना उपयुक्त उपायापासून वंचित ठेवणे अनुचित मानले जाते. त्याऐवजी एकाच मुलाच्या आधीच्या व नंतरच्या कामाची तुलना केली जाते. अहवालात मुलांची ओळख उघड होणार नाही, याची दक्षताही घ्यावी लागते.

अधिक गंभीर दोष औपचारिकतेचा आहे. अध्यापक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत कृतिसंशोधनाचा समावेश झाल्यापासून त्याचे अहवाल विपुल प्रमाणात लिहिले गेले. तथापि ठराविक विषय, तयार प्रश्नावली आणि बहुधा यशच नोंदविणारे निष्कर्ष असे त्यांतील अनेकांचे स्वरूप असते. उपाय फसल्याचे प्रामाणिकपणे नोंदविणारा अहवाल इतर शिक्षकांना यशाच्या अहवालाइतकाच उपयुक्त असतो. परंतु प्रशासन अपयशाकडे कर्तव्यच्युती म्हणून पाहत असेल, तर असे अहवाल लिहिले जाणार नाहीत. शिक्षकांवरील अशैक्षणिक कामांचा भार व बदल्या यांमुळेही चक्र मध्येच खंडित होते. शाळेत नोंदवही ठेवून ती येणाऱ्या शिक्षकाच्या स्वाधीन करणे, हा त्यावरील साधा व बिनखर्चाचा मार्ग होय.

संघटन : एकट्या शिक्षकाचे संशोधन त्याच्यापुरतेच राहू नये, यासाठी महाराष्ट्रात शाळांचे गट करून केंद्रप्रमुखांची व्यवस्था करण्यात आली असून केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरविल्या जातात. यवतमाळ येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे जिल्ह्यातील मार्गदर्शनाची जबाबदारी आहे. राज्य पातळीवर पुण्यातील राज्य शिक्षणशास्त्र संस्थेचे (स्थापना १९६४) १९८४ मध्ये महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत रूपांतर झाले. शाळाशाळांचे अनुभव शिक्षण परिषदांत मांडले गेल्यास एका पोडावरचा शब्दतक्ता शेजारच्या पोडावरील शिक्षकास उपलब्ध होतो. तोही त्याला आपल्या वर्गात पुन्हा पारखून घ्यावा लागतो.

कृतिसंशोधनाने शिक्षणातील सर्व प्रश्न सुटत नाहीत. शिक्षकांची अपुरी संख्या, स्थलांतर किंवा शेतीतील अनिश्चितता यांवर वर्गात उत्तर सापडणे शक्य नसते. मात्र कोणता प्रश्न वर्गात सुटण्याजोगा आहे आणि कोणता शासनाने व समाजाने सोडवावयाचा आहे, हे नोंदींच्या आधारे वेगळे करून दाखविण्याचे सामर्थ्य या पद्धतीत आहे. वरून आलेल्या सूचनांची अंमलबजावणी करणारा कर्मचारी, एवढीच शिक्षकाची भूमिका न राहता आपल्या कामाविषयी साधार बोलू शकणारा व्यावसायिक म्हणून त्याला स्थान मिळते. आणि मुलाच्या चुकीमागील कारण शोधण्याची सवय त्याला लागल्याने त्या मुलावर अकारण बसणारा मंदबुद्धीचा शिक्का टळतो.